शेवटच्या पंगतीतला कॅम

"इंजिन नवं करून आणलं आणि महिनाभरात पुन्हा टकटक सुरू झाली." जुनी बुलेट, अ‍ॅम्बेसेडर किंवा पद्मिनी हौसेने सांभाळणाऱ्या घरांत ही तक्रार हमखास ऐकू येते. पिस्टन नवा, रिंगा नव्या, बेअरिंग नवी, तेलसुद्धा महागातलं. मग बिघडलं काय?

पुष्कळदा उत्तर इंजिनाच्या पोटात, सहसा कुणी बघत नाही अशा जागी असतं. कॅमशाफ्टवरचा एखादा उंचवटा झिजलेला असतो आणि त्याच्यावर नाचणाऱ्या टॅपेटचा तळ खरवडलेला असतो. आज या जोडीबद्दल बोलू. वडिलांची किंवा आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल, तर हे आधी कळलेलं बरं. एकदा कॅम गेला की इंजिन पुन्हा खोलावं लागतं आणि केलेला खर्च पुन्हा करावा लागतो.

लोळणं वेगळं, घासणं वेगळं

जयपूरच्या झोटवाड्यात राहणाऱ्या मराठी वाचकांना एक उदाहरण घराजवळच सापडेल. झोटवाड्याला लागून असलेल्या खातीपुरा रोडवर नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीजचा कारखाना आहे. १९४६ साली सुरू झालेली ही कंपनी 'एनबीसी' नावाने बेअरिंग बनवते. ज्या बिर्ला उद्योगसमूहाची ही कंपनी, त्याच समूहाच्या हिंदुस्थान मोटर्सने आपली अ‍ॅम्बेसेडर बनवली.

बेअरिंगमधली गोळी किंवा रोलर लोळतो. लोळणाऱ्या वस्तूला तेल थोडं लागतं आणि झीजही कमी होते. पण अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनातला टॅपेट लोळत नाही. त्याचा तळ जवळजवळ सपाट असतो आणि तो कॅमच्या उंचवट्यावर घासत सरकतो. अमेरिकी पुस्तकांत किंवा व्हिडिओत ज्याला 'लिफ्टर' म्हणतात, तोच हा आपल्या मिस्त्रींचा टॅपेट.

काम साधं आहे. कॅमशाफ्ट फिरतो, त्याचा उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरला हलवतो आणि रॉकर व्हॉल्व्ह उघडतो. व्हॉल्व्हची स्प्रिंग मात्र सगळ्यांना उलट दिशेने दाबत असते. हा सगळा दाब कॅम आणि टॅपेट जिथे टेकतात, त्या एका बारीक रेषेवर येतो.

आता हिशोब करू. जयपूर ते अजमेर सुमारे १३० किलोमीटर. ताशी ६० च्या वेगाने गेलात आणि इंजिन मिनिटाला २५०० फेरे घेत असेल, तर कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे १२५० फेरे घेतो. १३० मिनिटांत कॅमचा प्रत्येक उंचवटा आपल्या टॅपेटला दीड लाखाहून जास्त वेळा घासतो. फक्त जाताना! मधे तेलाचा पापुद्रा आहे म्हणून हे निभावतं.

तेलाची पंगत

इंजिनातलं तेल पंगतीसारखं वाढलं जातं. पंपातून निघालेलं तेल आधी क्रँकशाफ्टच्या बेअरिंगला मिळतं. मग कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला, कॅमशाफ्ट ज्या बेअरिंगमध्ये फिरतो त्यांना, आणि वर रॉकरला. हे मानाचे पाहुणे. त्यांना तेल दाबाने पोहोचतं.

कॅमचे उंचवटे आणि टॅपेटचे तळ बसतात शेवटच्या पंगतीला. जुन्या इंजिनांत बहुधा त्यांच्यासाठी वेगळी नळी नसते. क्रँक फिरताना उडालेले शिंतोडे आणि वरून रॉकरकडून ओघळत खाली येणारं तेल, एवढंच त्यांच्या वाट्याला येतं. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मूळचं ब्रिटिश बीएमसी कंपनीचं. त्यात असंच आहे. जुन्या, बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्येही रॉकरला दिलेलं तेल पुशरॉडच्या वाटेने खाली टायमिंगच्या बाजूला उतरतं, आणि कॅम व टॅपेट त्यावर भागवतात.

म्हणून जुन्या इंजिनाची काळजी घेताना पहिला प्रश्न 'तेल कोणतं' हा नसून 'तेल तिथे पोहोचतंय का' हा आहे. रॉकरची नळी तुंबली, तर मिस्त्री रॉकर बदलून देतात. पण त्याच नळीच्या शेवटी कॅमही उपाशी बसलेला असतो, हे लक्षात राहत नाही.

संथ चालीतला धोका

इंजिन जोरात पळवलं की कॅम झिजतो, असं आपल्याला वाटतं. सपाट टॅपेटच्या बाबतीत गोष्ट बरीचशी उलटी आहे.

कॅमच्या उंचवट्याच्या टोकावर टॅपेट असतो तेव्हा स्प्रिंगचा दाब सर्वांत जास्त असतो. इंजिन वेगात असताना वर जाणाऱ्या टॅपेट-पुशरॉडचा स्वतःचा झोक त्यातला काही भार हलका करतो. शिवाय वेगामुळे तेल त्या जागी ओढलं जातं आणि पापुद्रा जाड होतो. संथ चालीत, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, झोक नाही, तेलाचा ओढा कमी आणि शिंतोडेही कमी. स्प्रिंगचा सगळा भार मात्र तसाच.

नव्या कॅमसाठी हा काळ सर्वांत नाजूक. नवा कॅम आणि नवे टॅपेट यांचे पृष्ठभाग अजून एकमेकांना सरावलेले नसतात. गॅरेजात इंजिन सुरू होतं, सगळे भोवती जमतात, कुणी मोबाईलवर आवाज टिपतं, कुणी पेढे आणायला जातं, आणि इंजिन संथ चालीत तासभर धडधडत राहतं. त्या तासात कॅमचा वरचा कठीण थर सोलला जाऊ शकतो. तो एकदा गेला की आतला मऊ धातू झपाट्याने झिजतो. त्याचा चुरा तेलात मिसळतो आणि नव्या बेअरिंगपर्यंत पोहोचतो. म्हणून कॅम बिघडला की एकटा बिघडत नाही.

टॅपेट गोल फिरतो तेव्हाच टिकतो

या जोडीतली एक युक्ती फार सुंदर आहे. बऱ्याच इंजिनांत 'सपाट' टॅपेटचा तळ अगदी सपाट नसतो, किंचित फुगीर असतो, डोळ्यांना न दिसण्याइतका. कॅमचा उंचवटाही टॅपेटच्या बरोबर मध्यावर येत नाही, जरासा बाजूला येतो. त्यामुळे प्रत्येक धक्क्यासरशी टॅपेट स्वतःभोवती थोडा फिरतो. रोज नवा भाग कॅमसमोर येतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते.

जो टॅपेट फिरायचा थांबतो, त्याचा एकच भाग घासला जातो. तो खोलगट होतो आणि सोबत कॅमला घेऊन जातो. टॅपेट अडकण्याची कारणं साधी असतात: भोकात साचलेला चिकट गाळ, बुरसटलेली भिंत, किंवा जुन्या झिजलेल्या कॅमवर बसवलेला नवा टॅपेट.

ओळखायचं कसं? दोन सोप्या परीक्षा आहेत.

पहिली, टॅपेट हातात असताना. दोन टॅपेट तळाला तळ लावून उजेडासमोर धरा. तळ फुगीर असतील तर ते एकमेकांवर किंचित डुलतात. डुलत नसतील किंवा मधून फट दिसत असेल, तर त्यांचं आयुष्य संपलं.

दुसरी, इंजिन चालू असताना. अ‍ॅम्बेसेडरसारख्या गाडीत रॉकरचं झाकण काढून पुशरॉडवर रंगाचा ठिपका द्या. इंजिन चालू केलं की पुशरॉड हळूहळू गोल फिरताना दिसायला हवेत. एखादा ठिपका जागचा हलत नसेल तर इंजिन बंद करा आणि त्या टॅपेटकडे बघा.

अ‍ॅम्बेसेडरवाल्यांसाठी चांगली गोष्ट म्हणजे या इंजिनाच्या कुशीला झाकणाच्या प्लेट आहेत. रॉकर आणि पुशरॉड काढले की त्या वाटेने टॅपेट बाहेर येतात, इंजिन गाडीतून उतरवावं लागत नाही. जयपुरात मिस्त्रीला सरळ सांगा, "टॅपेट नीचे से देखना है, और हर एक अपनी ही जगह वापस जाएगा." दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. वापरलेला टॅपेट त्याच्याच उंचवट्यावर परत गेला पाहिजे. पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यांवर आकडे घाला आणि टॅपेट क्रमाने त्यांत खोचून ठेवा. आणि कॅमशाफ्ट नवा घेतला तर टॅपेटही नवेच घ्यायचे, यात काटकसर नको.

डब्यावर काय वाचायचं?

आता तेलाकडे येऊ. पापुद्रा फाटून धातू धातूला लागतो त्या क्षणी वाचवणारं एक रसायन तेलात असतं. जस्त आणि फॉस्फरस यांचं हे संयुग १९४० च्या दशकापासून इंजिन तेलात वापरलं जातं. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला 'झेडडीडीपी' म्हणतात, गॅरेजच्या भाषेत नुसतं 'झिंक'. दाब आणि उष्णता वाढली की ते धातूवर एक बारीक थर तयार करतं. मग झिजतो तो थर, कॅम नाही.

पण हाच फॉस्फरस जळून धुरात गेला की धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर त्याचं पुट चढतं. आपल्याकडे १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर आला, पुढे तो सगळीकडे पोहोचला. जगभर तेलातला फॉस्फरस टप्प्याटप्प्याने कमी होत गेला. अमेरिकी एपीआय प्रमाणातल्या 'एस-एम' दर्जापासून, म्हणजे २००४ च्या अखेरीपासून, ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांत त्याची कमाल मर्यादा ०.०८ टक्के झाली. नव्या गाड्यांत कॅमवर बहुधा रोलर असतात किंवा भार कमी असतो, त्यांना तेवढं पुरतं. जुन्या सपाट टॅपेटला ते अपुरं पडू शकतं.

इथे बरेच लोक घाबरून दुकानातल्या प्रत्येक नव्या तेलावर फुली मारतात. तशी गरज नाही. ही मर्यादा पातळ दर्जांना लागू आहे. २०डब्ल्यू-५० किंवा १५डब्ल्यू-४० सारख्या दाट तेलांना ती लागू नाही, आणि जुन्या पेट्रोल गाड्यांना आपल्याकडे सहसा हीच तेलं लागतात. मोटरसायकलच्या तेलावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' अशी जपानी खूण असेल, तर त्यात फॉस्फरस ०.०८ ते ०.१२ टक्के असावा असा त्या प्रमाणाचा नियम आहे.

म्हणून डब्यावर फक्त 'सिंथेटिक', 'रेसिंग' असे मोठे शब्द वाचू नका. तेलाचा दाटपणा बघा, एपीआय किंवा जासोची खूण बघा आणि कंपनीच्या माहितीपत्रकात जस्त-फॉस्फरसचं प्रमाण दिलं असेल तर तेही बघा. वेगळं मिळणारं झिंकचं औषध वापरायचं असेल तर एकच, आणि बाटलीवर लिहिलेल्या मापाने. दोन-तीन औषधं एकत्र ओतून कॅम दुप्पट टिकत नाही, उलट तेलातल्या इतर घटकांचं संतुलन बिघडतं.

जयपूरच्या हवेचाही विचार करा. इथे हिवाळ्यात पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो आणि मे-जूनमध्ये पंचेचाळीसच्या घरात जातो. थंडीत घट्ट झालेलं तेल शेवटच्या पंगतीपर्यंत उशिरा पोहोचतं. गाडी सुरू केल्याबरोबर रेस करू नका आणि दहा-दहा मिनिटं संथ चालीतही ठेवू नका. अर्धा-एक मिनिट थांबून हलक्या हाताने चालवत निघा. आणि धूळ! बारीक वाळूचा कण लोखंडापेक्षा कठीण असतो. एअर फिल्टर फाटका असेल तर महागडं तेलही सहाणेवरच्या पाण्याचं काम करतं.

पहिली वीस मिनिटं

कॅम-टॅपेट नवे बसवले असतील तर मिस्त्रीसोबत हा क्रम ठरवून घ्या.

१. बसवताना कॅमच्या प्रत्येक उंचवट्याला आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची घट्ट पेस्ट लावायची. नुसतं तेल दोन दिवसांत ओघळून जातं. टॅपेटच्या बाजूंना मात्र साधं तेल लावायचं, म्हणजे तो मोकळा फिरतो.

२. सुरू करण्याआधी तेल फिरवून घ्यायचं. गाडीत स्पार्क प्लग काढून, कॉइलची वायर सोडवून, स्टार्टर थोडा थोडा मारा, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. बुलेटमध्ये प्लग काढून किक मारत राहा आणि रॉकरकडे जाणाऱ्या नळीचा वरचा बोल्ट किंचित सैल करून तेल येतंय याची खात्री करा.

३. पेट्रोल, इग्निशनचं टायमिंग, रेडिएटरमधलं पाणी सगळं आधीच जुळवून ठेवा. इंजिन एका प्रयत्नात सुरू व्हायला हवं. पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला की पेस्ट पुसली जाते.

४. गाडीचं इंजिन सुरू होताच मिनिटाला २००० ते २५०० फेऱ्यांवर न्या आणि वीस मिनिटं तिथेच, थोडं वर-खाली करत, ठेवा. संथ चालीवर आणू नका. काही गळलं, तापलं, तर सरळ बंद करा, दुरुस्त करा आणि उरलेली मिनिटं पुन्हा त्याच वेगावर पूर्ण करा. हवेने थंड होणाऱ्या बुलेटला मात्र जागेवर वीस मिनिटं तापवू नका. काही मिनिटांनी तिला रस्त्यावर काढा आणि मध्यम वेगाने, कमी-जास्त करत फिरवा.

५. नंतर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. जुना फिल्टर कापून बघा. थोडा बारीक चुरा दिसणारच, पण चमकदार कपच्या दिसल्या तर पुढे जाऊ नका.

टॅपेटची फटही तपासायची असते. जास्त घट्ट ठेवली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि कॅमला विसावाच मिळत नाही. बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्ये इंजिन थंड असताना, पिस्टन काँप्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, पुशरॉड बोटांनी सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. गाडीत फीलर गेज लावून पुस्तकात दिलेलं माप ठेवा. 'कानाने लावतो' म्हणणारा मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी गेज हातात द्या.

ज्यांना जास्त ताकद हवी आहे

एकेकाळी मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर आपल्या साध्या गाड्याही शर्यतीत धावत. आज बुलेटला उंच कॅम आणि कडक स्प्रिंगा लावून घेणारे तरुण तर गल्लोगल्ली आहेत. इथे एक लक्षात ठेवा, स्प्रिंग जेवढी कडक तेवढा त्या बारीक रेषेवरचा दाब जास्त. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग लावणं म्हणजे ताकद वाढवण्याआधी आयुष्य कमी करणं.

तेल थेट कॅमपर्यंत नेण्याचे उपायही आहेत. ट्रायम्फच्या ६५० सीसी मोटरसायकलींत एक्झॉस्टचा कॅम लवकर झिजायचा, म्हणून कंपनीने १९६० च्या दशकाच्या मध्यात त्या टॅपेटना दाबाचं तेल द्यायला सुरुवात केली. अमेरिकी व्ही-एट इंजिनांत टॅपेटच्या भोकाच्या भिंतीत बारीक खाच पाडतात किंवा तळाला सूक्ष्म भोक असलेले टॅपेट वापरतात, म्हणजे तेलाची धार थेट उंचवट्यावर पडते. पण जिथे टॅपेटच्या भोकापर्यंत दाबाचं तेल येतं, तिथेच याचा उपयोग. ते येत नसेल तर खाच पाडून फक्त भोक खराब होईल. आधी आपल्या इंजिनाची तेलाची वाट समजून घ्या.

आणि नळी दिली म्हणजे झालं असंही नाही. फोर्डच्या 'पिंटो' इंजिनात कॅमवर तेल शिंपडणारी खास नळी होती. तिची बारीक भोकं गाळाने तुंबली की कॅम जायचा. वेळेवर तेल बदलण्याला पर्याय त्यांनाही सापडला नाही.

शेवटी कारखान्यांनीच घासणं सोडून लोळणं पत्करलं. मद्रासला १९५५ पासून बनत आलेल्या बुलेटच्या घराण्यात २००८ च्या सुमारास नवं यूसीई इंजिन आलं आणि त्यात रोलर असलेले हायड्रॉलिक टॅपेट आले. खातीपुरा रोडवर बेअरिंगमध्ये जे होतं, तेच आता कॅमवर होऊ लागलं.

घरातली गाडी

मुंबईच्या कुर्ल्यात बनलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. त्यामुळे घरात जी एखादी उरली आहे, तिचा चांगला मूळ कॅमशाफ्ट दरवर्षी अधिक दुर्मीळ होत जाणार. तो वाचवणं हे नवा शोधण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

गाडी महिनोन्महिने उभी असेल तर सणाच्या दिवशी एकदम सुरू करून दारात धडधडत ठेवू नका. उभ्या गाडीच्या कॅमवरचं तेल कधीच ओघळून गेलेलं असतं. आधी वर सांगितल्याप्रमाणे तेल फिरवून घ्या, मग सुरू करा आणि घरच्यांना बसवून पंधरा-वीस किलोमीटरची चक्कर मारून या. इंजिन नीट तापतं, तेलातली ओल उडते, आणि शेवटच्या पंगतीलाही पोटभर वाढलं जातं.

टकटक ऐकू आली तर ती टॅपेटच्या फटीची आहे की झिजलेल्या कॅमची, हे फीलर गेजने आधी तपासा. फट बरोबर लावूनही तीच फट आठवड्यात पुन्हा वाढत असेल, तर गाडी थांबवा आणि टॅपेट काढून बघा. तेवढ्यात लक्ष दिलंत तर खर्च कॅम आणि टॅपेटपुरता राहील. 'चालतंय तोवर चालवू' म्हटलंत, तर तो चुरा बेअरिंगपर्यंत पोहोचेल.